डार्विनचा उंदीर आहे की गेला?

उंदरावर पुस्तक लिहितोय असं सांगितलं की समोरचा माणूस बहुधा दोनांपैकी एक प्रश्न विचारतो. ‘औषध कुठलं लागू पडतं?’ हा पहिला. ‘त्यात घूस आणि चिचुंद्री पण येते का?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी खुलतो, कारण विचारणाऱ्याच्या ध्यानीमनी नसलं तरी तो वर्गीकरणाचा प्रश्न असतो. घूस येते, ती उंदराच्या भावकीतलीच. चिचुंद्री येत नाही. भिंतीच्या कडेने तुरुतुरु पळणं, लांब शेपूट, करडं अंग हे सगळं उंदरासारखं असलं तरी ती किडे खाणाऱ्यांच्या गोतातली, कुरतडणाऱ्यांच्या नव्हे. आमची आजी दोघांनाही एकाच झाडूने हाकलायची. आजच्या वर्गीकरणाप्रमाणे त्या दोघांपैकी उंदीर हा चिचुंद्रीपेक्षा आजीला जवळचा. उंदीर आणि माणूस सस्तन प्राण्यांच्या एका मोठ्या फांदीवर बसतात, चिचुंद्री दुसऱ्या फांदीवर, मांजराच्या आणि गायीच्या सोबतीला. दिसणं आणि नातं यांत केवढं अंतर असू शकतं, ते घरातच कळतं.

या पुस्तकातला उंदीर मात्र घरातला नाही. तो मी पाहिलेला नाही आणि वाचकांपैकी कुणी पाहिला असण्याची शक्यता कमीच. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, इक्वाडोर आणि पेरूच्या कोरड्या पट्ट्यात त्याचे भाऊबंद राहतात, आणि त्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर, गॅलापागोस द्वीपसमूहातल्या एका लहानशा बेटावर तो स्वतः. मध्यम चणीचा, पाठीवर पिवळट-तपकिरी राठ केस, पोट फिकं, शेपूट लांब, वरून गडद आणि खालून पांढुरकी. रूपात सांगण्यासारखं एवढंच. शेजाऱ्याच्या अंगणात दिसला असता तर कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं. त्याची गोष्ट आहे ती त्याच्या नावांत. 1839 साली त्याचं बारसं झालं, त्यानंतर त्याला या घरातून त्या घरात हलवण्यात आलं, आणि यातल्या एका हलवाहलवीवर तर तो जिवंत आहे की नामशेष झाला हेच अवलंबून राहिलं. एवढं एक सांगण्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

इंग्रजीत या कुळीला ‘राइस रॅट’ म्हणतात. मी त्याला भातउंदीर म्हटलं आहे. तांदूळउंदीर म्हटलं तर डोळ्यांपुढे वाण्याचं पोतं येतं, भात म्हटलं की शेत येतं, आणि हे नाव शेतातच पडलेलं आहे. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनाच्या पाणथळ भातखाचरांत एक उंदीर सापडायचा. त्याचं शास्त्रीय वर्णन 1837 साली झालं आणि पुढे 1857 मध्ये स्पेन्सर बेअर्ड यांनी त्याच्यासाठी ‘ओरायझोमिस’ हे प्रजातीचं नाव काढलं. गंमत अशी, की भात हे पीक त्या मुलखातलं नव्हेच. ते जहाजांतून आलं, उंदीर तिथे आधीपासून होता. पाहुण्याचं नाव यजमानाला लागलं. मग त्या यजमानासारखे दिसणारे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले कितीतरी उंदीर याच नावाखाली जमा झाले. त्यात डोंगरावरचे होते, घनदाट जंगलातले होते, वाळवंटाच्या कडेचे होते. गॅलापागोसच्या आपल्या उंदराने भाताची लोंबी जन्मात पाहिलेली नाही. मुख्य भूमीवरच्या त्याच्या नातलगांची गोष्ट वेगळी. इक्वाडोरमधलं ग्वायास आणि पेरूमधलं तुंबेस, पिउरा, लांबायेके हा सगळा किनारी पट्टा आज भातशेतीचा आहे. म्हणजे चुकीच्या नावाला काळाने थोडाफार आधार दिला.

नावाच्या पोटात शिरलं तर आपलंही थोडं सापडतं. ग्रीक ‘मिस’, लॅटिन ‘मुस’ आणि संस्कृत ‘मूष’ ही एकाच आईची लेकरं. ‘ओरायझा’ हा भाताचा ग्रीक शब्दही पूर्वेकडून गेलेला, आपल्या ‘व्रीहि’च्या नात्यातला, असं अनेक भाषाभ्यासक मानतात. तेव्हा ओरायझोमिस म्हणजे झाला व्रीहिमूषक. हे मी अभिमानाने सांगत नाही. पुढे याच नात्याची एक नको असलेली बाजू येणार आहे.

आता मूळ गोष्ट. ‘बीगल’ जहाज गॅलापागोसला पोचलं 15 सप्टेंबर 1835 रोजी आणि निघालं 20 ऑक्टोबरला. या पाच आठवड्यांबद्दल आपल्याकडे शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे लिहिलं गेलं आहे. फिंच पक्षी, कासवं, बेटागणिक बदलणाऱ्या चोची. उंदरांबद्दल कुणी बोलत नाही. सव्वीस वर्षांच्या चार्ल्स डार्विनने तिथून दोन प्रकारचे उंदीर आणले. एक चॅथम बेटावरचा, ज्याला आज सान क्रिस्तोबल म्हणतात. तो तिथे भरपूर होता आणि दुसऱ्या कुठल्या बेटावर डार्विनला दिसला नाही. दुसरा जेम्स बेटावरचा, म्हणजे आजच्या सांतियागोवरचा. लंडनला परतल्यावर सस्तन प्राण्यांचं काम जॉर्ज वॉटरहाउस यांच्याकडे गेलं. त्यांनी पहिल्याला नाव दिलं ‘मुस गॅलापागोएन्सिस’ आणि दुसऱ्याला, जेम्सच्या लॅटिन रूपावरून, ‘मुस जेकोबिए’. दोघांचंही आडनाव ‘मुस’, कारण तेव्हा उंदीर म्हटला की मुस. पण आडनाव एक असलं तरी घराणी वेगळी आहेत, हे वॉटरहाउस यांना दिसलं होतं. पहिला अमेरिकी उंदरांच्या गटातला, दुसरा जुन्या जगातल्या.

डार्विनने आपल्या प्रवासवर्णनात यावरून काढलेला निष्कर्ष मला फार आवडतो. चॅथमचा उंदीर बेटांवरचा खरा रहिवासी मानायला हवा, असं तो म्हणतो. जेम्सवरचा उंदीर नेहमीच्या उंदराहून थोडा निराळा दिसतो खरा, पण तो जुन्या जगातल्या गटातला आहे आणि त्या बेटावर दीडशे वर्षं जहाजं येत आहेत. तेव्हा हा जहाजातून उतरलेला साधा उंदीर असावा आणि नव्या हवापाण्याने, खाण्याने त्याच्यात थोडा फरक पडला असावा. वॉटरहाउस यांनी वेगळी जाती म्हणून नाव दिलेल्या प्राण्याबद्दल डार्विन सांगतोय की नाव राहू द्या, हा पाहुणा आहे. तो बरोबर होता. ‘मुस जेकोबिए’ म्हणजे आपला काळा उंदीर, रॅट्टस रॅट्टस. एका पेटीतून लंडनला गेलेल्या दोन उंदरांपैकी एक घरमालक होता आणि दुसरा घुसखोर. दोघांतला फरक ठरला तो दाढांवरून.

दाढांचं हे प्रकरण नुसतं वाचून कळत नाही, निदान मला तरी कळलं नव्हतं. दोन पावसाळ्यांमागे गावच्या देवळाच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाने ओकलेल्या गोळ्या सापडल्या. घुबड उंदीर आख्खा गिळतं, मांस पचवतं आणि केस-हाडांचा गोळा तोंडावाटे टाकून देतं. वाळलेला गोळा काळपट, चकचकीत, अंगठ्याएवढा जाड. कोमट पाण्यात भिजत घातला की केसांचा लगदा सुटतो आणि खाली हाडं बसतात. मी चहाच्या बशीत ती चिमट्याने वेगळी केली. दोन कवट्या निघाल्या. एक चिचुंद्रीची, टोकदार दातांची, बारीक करवतीसारखी. दुसरी उंदराची. पुढे पिवळसर पटाशीचे दोन दात, मग मोकळी जागा, मग तीन दाढा. दहापट भिंगाखाली वरच्या जबड्यातली पहिली दाढ धरली आणि ज्या वाक्यांवरून वर्षभर नजर घसरत होती ती वाक्यं समोर उभी राहिली. दाढेवर लहान लहान उंचवटे आहेत आणि ते लांबीच्या दिशेने तीन रांगांत आहेत. कणसाचा तुकडा उभा धरल्यावर दाण्यांच्या ओळी दिसतात, तसे. ही तिसरी, जिभेकडची रांग ही जुन्या जगातल्या उंदरांची खूण. अमेरिकी उंदरांच्या दाढेवर उंचवट्यांच्या दोनच रांगा, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या कडा. भातउंदरांत तर मध्ये एक जादा आडवी कड असते, ती त्यांना बाकीच्यांतून ओळखून काढते. उंदीर म्हातारा असला की हे सगळं झिजून सपाट होतं आणि तज्ज्ञही हात टेकतात. माझ्या बशीतला उंदीर सुदैवाने तरुणपणीच घुबडाच्या तोंडी गेला होता.

जगातले उंदीर ढोबळमानाने दोन मोठ्या कुलांत बसतात. आपल्याकडचे घरउंदीर, शेतातले उंदीर, घुशी हे म्युरिडी कुलातले. अमेरिकेतले मूळचे उंदीर क्रायसेटिडी कुलातले, ज्यात हॅमस्टरही येतो. त्या कुलातलं एक उपकुल दक्षिण अमेरिकेत पसरलं, आणि भातउंदीर ही त्यातली शंभराहून अधिक जातींची टोळी. वॉटरहाउस यांनी 1839 मध्येच अमेरिकी उंदरांसाठी ‘हेस्पेरोमिस’, म्हणजे पश्चिमेचा उंदीर, असं वेगळं नाव सुचवलं होतं. पुढे ते नाव मागे पडलं आणि आपला उंदीर ओरायझोमिसमध्ये जाऊन बसला. तिथे तो शंभराच्या वर वर्षं होता.

ओरायझोमिसची अवस्था त्या काळात घरातल्या माळ्यासारखी झाली होती. कुठे ठेवायचं कळत नाही ते माळ्यावर टाका. तपकिरी रंग, लांब शेपूट, जादा कड असलेली दाढ, आणि लक्षात राहील असं वेगळं काही नाही, अशा उंदराला ओरायझोमिस म्हणायचं. विसाव्या शतकाच्या अखेरीस या एका नावाखाली चाळीसच्या वर जाती साठल्या होत्या. त्या एकमेकांच्या खऱ्या नातलग नाहीत ही शंका जुनीच होती, पण माळा आवरायला कुणी चढत नव्हतं. 2006 मध्ये मार्सेलो वेक्स्लर चढले. त्यांनी कवट्या, दात, पंजे, शेपट्या यांची 99 लक्षणं आणि एका जनुकाचा क्रम अशी दुहेरी तपासणी करून या उंदरांचा वंशवृक्ष मांडला. ओरायझोमिस नाव लावणारे उंदीर त्या झाडावर ठिकठिकाणी विखुरलेले निघाले. मग त्याच वर्षी वेक्स्लर, अलेक्झांद्रे पेर्सेकीलो आणि रॉबर्ट व्हॉस या तिघांनी न्यू यॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या नियतकालिकात दहा नव्या प्रजाती एकदम जाहीर केल्या. एका मांडवात दहा बारशी.

नावं त्यांनी मोठ्या हौसेने निवडली आहेत. डोंगरावरच्याला ओरिओरायझोमिस, ढगांत बुडालेल्या जंगलातल्याला नेफेलोमिस, अ‍ॅमेझॉनच्या अरण्यातल्याला हायलीअ‍ॅमिस, अँडीजच्या पल्याडच्याला ट्रान्सअँडिनोमिस. ब्राझीलच्या सेराडो माळरानावरचा तो सेराडोमिस. आणि आपल्या किनारी उंदराला ‘एजियालोमिस’. ग्रीकमध्ये ‘एगियालोस’ म्हणजे समुद्रकिनारा. कोकणी बोलींत वाळूच्या किनाऱ्याला वेळ म्हणतात, तेव्हा याला वेळउंदीर म्हणण्याचा मोह मला झाला होता. घड्याळाशी गल्लत होईल म्हणून सोडून दिला.

हा एजियालोमिस आत्तापर्यंत एकच उंदीर असल्यासारखा लिहीत आलो, पण तो एक नाही. मुख्य भूमीवरच्या उंदराचं वर्णन लंडनच्या ओल्डफिल्ड थॉमस यांनी 1894 मध्ये पेरूच्या तुंबेसहून आलेल्या नमुन्यावरून केलं. नाव झॅन्थिओलस, पिवळेपणावरून. थॉमस हे हजारो सस्तन प्राण्यांना नावं देऊन बसलेले गृहस्थ, त्यांना हा एक आणखी. त्याच्या दोन वर्षं आधी, 1892 मध्ये, न्यू यॉर्कच्या जे. ए. अ‍ॅलन यांनी गॅलापागोसच्याच सांता फे बेटावरच्या उंदराला ‘बाउरी’ असं नाव दिलं होतं. ते जॉर्ज बाउर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावरून. बाउर 1891 मध्ये बेटांवर गेले होते ते एक सिद्धांत डोक्यात घेऊन: गॅलापागोस ही समुद्रातून वर आलेली ज्वालामुखीची बेटं नसून एका बुडालेल्या भूभागाची शिखरं आहेत, प्राणी तिथे पायी पोचले आणि मग जमीन खचली. हा सिद्धांत टिकला नाही. ज्या उंदराला त्यांचं नाव मिळालं, त्याचे पूर्वज हजार किलोमीटर पाणी ओलांडूनच आलेले. बहुधा नदीच्या पुराने समुद्रात लोटलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावरून. ग्वायाससारख्या नद्या पावसाळ्यात असे हिरवे तराफे आजही खाली आणतात.

उंदराने समुद्र ओलांडला यात वाटतं तेवढं नवल नाही. भातउंदरांच्या ज्या फांदीवर एजियालोमिस बसतो, त्या फांदीला पाण्याचं वेडच आहे. तिच्यातले कित्येक दलदलीत, ओढ्याकाठी राहणारे, चांगले पोहणारे. याच फांदीतले कॅरिबियन बेटांवर जाऊन मांजराएवढे झाले. ब्राझीलपासून दूर फर्नांदो दी नोरोन्या बेटावरही एक पोचला होता. अमेरिगो वेस्पुची याच्या प्रवासाच्या वर्णनात त्या बेटावर मोठे उंदीर असल्याचा उल्लेख येतो, आणि 1999 मध्ये तिथे मिळालेल्या हाडांवरून बनवलेल्या नव्या जातीला वेस्पुचीचंच नाव मिळालं. गॅलापागोसवर तर या टोळीने एकाहून अधिक वेळा स्वारी केली. आधी आलेल्यांचे वंशज नेसोरायझोमिस, म्हणजे बेटावरचे भातउंदीर. त्यांना बदलायला इतका वेळ मिळाला की ते वेगळी प्रजाती झाले. एजियालोमिस मागाहून आला. त्याचं मुख्य भूमीवरच्या झॅन्थिओलसशी असलेलं साम्य अजून ताजं आहे.

आता तो प्रश्न. सान क्रिस्तोबलवर, जिथे डार्विनला हा उंदीर भरपूर दिसला होता, तिथे आज तो नाही. सांता फेवर मात्र बाउरी सुखाने नांदतो. जेमतेम 24 चौरस किलोमीटरचं हे बेट. निवडुंगाची झाडं पुरुषभर उंचीपेक्षा वाढलेली, त्यांच्याखाली फिकट पिवळे भूसरडे, आणि रात्री हे उंदीर. पाऊस चांगला झाला की यांची संख्या फुगते, दुष्काळात घसरते. माणसाची भीती त्यांना फारशी नाही.

अ‍ॅलन यांचं ऐकलं तर बाउरी ही स्वतंत्र जाती. मग डार्विनने आणलेला गॅलापागोएन्सिस फक्त सान क्रिस्तोबलचा ठरतो, आणि तो नामशेष झाला. जेम्स पॅटन आणि मार्क हाफ्नर यांनी 1983 मध्ये गॅलापागोसच्या उंदरांची सविस्तर तपासणी केली तेव्हा सांता फे आणि सान क्रिस्तोबल यांचे उंदीर एकाच जातीचे मानले. हे ऐकलं तर जुनं नाव चालू राहतं, बाउरी त्यात विरघळतो, आणि डार्विनचा उंदीर जिवंत आहे. फक्त त्याचं एक घर गेलं. आज बहुतेक अभ्यासक हे दुसरं मत मानतात. बेटावर काहीही बदललं नाही. एकही उंदीर मेला नाही की जन्मला नाही. संग्रहालयाच्या टेबलावर एक नाव दुसऱ्यात मिळवलं आणि एक जाती मृतांच्या यादीतून उठून संकटग्रस्तांच्या यादीत येऊन बसली.

हे वाचून कुणाला वाटेल की वर्गीकरण म्हणजे नुसता शब्दांचा खेळ. मलाही काही दिवस तसं वाटलं होतं. मत बदललं ते किनाऱ्यावरच्या उंदरांची गोष्ट वाचताना. झॅन्थिओलस हे एकच नाव इक्वाडोरपासून दक्षिण पेरूपर्यंत लांबवर पसरलेलं होतं. त्यातले दोन तुकडे पूर्वी वेगळे ओळखले गेले होते. 1897 मध्ये अ‍ॅलन यांनी उत्तर पेरूच्या डोंगराकडचा बारोनी, आणि 1944 मध्ये विल्फ्रेड ऑस्गुड यांनी दक्षिणेच्या वाळवंटातला इका. पुढच्या पिढ्यांनी ते पुन्हा एकत्र केले. 2018 मध्ये जॉयस प्रादो आणि पेर्सेकीलो यांनी ठिकठिकाणच्या संग्रहांतल्या कवट्या मोजून, त्यांची भौगोलिक मांडणी करून, हे दोन्ही पुन्हा वेगळे काढले. म्हणजे आता एजियालोमिस प्रजातीत चार जाती: तीन मुख्य भूमीवरच्या, एक बेटावरची. त्यामुळे झालं काय, की झॅन्थिओलसचा मुलूख नकाशावर एकदम आखूड झाला आणि इकाच्या वाळवंटी दऱ्यांतला उंदीर पहिल्यांदा स्वतःच्या नावाने मोजला जाऊ लागला. एकाच नावाखाली राहिला असता तर तो तिथून गेला तरी कुणी हिशेबात धरलं नसतं. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळासारखी त्याची गत झाली असती.

याच किनारी गोतातल्या दुसऱ्या एका उंदराबद्दलही पुस्तकात एक प्रकरण आहे, कारण त्याची गोष्ट उलट दिशेने जाते. ओरायझोमिस गोरगासी 1967 मध्ये वायव्य कोलंबियात एकदाच सापडला, 1971 मध्ये फिलिप हर्शकोविट्झ यांनी त्याचं वर्णन केलं, आणि मग तो हरवल्यासारखाच झाला. तो पुन्हा मिळाला सुमारे 700 किलोमीटर पूर्वेला, वेनेझुएलाच्या किनाऱ्यावरच्या खारफुटीत. तिकडे कुरसाओ बेटावर घुबडांच्या जुन्या गोळ्यांत मिळालेल्या हाडांवरून 2001 मध्ये एका नामशेष भातउंदराला वेगळं नाव देण्यात आलं होतं. 2009 मध्ये व्हॉस आणि वेक्स्लर यांनी हाडं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की हाही गोरगासीच. जे 2006 मध्ये दहा बारशी करून मोकळे झाले, त्यांनीच इथे एक नाव पुसलं. नावं वाढवण्याची हाव त्यांना नव्हती, एवढं यावरून म्हणता येईल.

आणि आता ती नको असलेली बाजू. सान क्रिस्तोबलवरून उंदीर कुणी घालवला? माणसं आली, मांजरं आली, पण गॅलापागोसच्या बहुतेक बेटांवर मुख्य संशयित एकच आहे: डार्विनच्या पेटीतला दुसरा उंदीर. सांता क्रूझवर नेसोरायझोमिसच्या दोन जाती होत्या, काळा उंदीर पसरल्यावर 1930 च्या दशकानंतर त्या कुणाला दिसल्या नाहीत. फर्नांदिना बेटावर काळा उंदीर पोचलेला नाही, तिथे दोन मूळच्या जाती टिकून आहेत. त्यातल्या एकीचा शोधही घुबडाच्या गोळ्यांतूनच लागला, 1980 मध्ये, आणि ती जिवंत आहे हे कळायला पुढे पंधरा वर्षं गेली. अपवाद सांतियागोचा. तिथे स्वार्थी नावाची जाती (नाव हॅरी स्वार्थ यांच्यावरून, मराठी अर्थाने नव्हे) 1906 नंतर संपली असं धरलं गेलं होतं. 1997 मध्ये ती काळ्या उंदराच्या शेजारीच राहताना सापडली. या एका बेटावर दोघं कसे काय जमवून घेतात यावर पुस्तकात बरीच पानं खर्ची पडली आहेत, आणि माझ्या मते ती सर्वांत रंजक आहेत.

हा काळा उंदीर कुठला? जगभरच्या काळ्या उंदरांच्या जनुकांची तुलना झाली आहे. जहाजांतून युरोपात आणि तिथून अमेरिकेत पसरलेल्या वंशाचं मूळ घर म्हणजे आपला भारतीय द्वीपकल्प. आधी व्यापाराच्या गलबतांतून पश्चिम आशियात, मग भूमध्य समुद्राभोवती, मग स्पॅनिश, इंग्रज जहाजांच्या तळघरांतून सगळीकडे. आमच्या देवळातल्या घुबडाने खाल्ला तो याच भावकीतला. म्हणजे बशीत ज्याच्या दाढेवरच्या तीन रांगा मी मोजत बसलो होतो, त्याच्या लांबच्या चुलत्यांनी डार्विनच्या उंदराचं एक घर बुडवलं. गणपतीच्या पायाशी लाडू धरून बसलेल्या मूषकाकडे तेव्हापासून मी जरा सावधपणेच पाहतो.

शब्दांबद्दल दोन सूचना. आपल्याकडे वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द स्पीशीज या अर्थाने सर्रास येतो, तो हिंदीतून आला. मराठी विश्वकोशाची पद्धत वेगळी: जीनस म्हणजे प्रजाती, स्पीशीज म्हणजे जाती. मी विश्वकोशाची पद्धत पाळली आहे. ज्या पुस्तकाचा विषयच वर्गीकरण आहे, त्यात हा घोळ झाला तर वाचकाच्या हाती काही लागणार नाही. दुसरं म्हणजे शास्त्रीय नावांचे उच्चार. ते लॅटिन-ग्रीक उगमाचे, स्पॅनिश मुलखातले आणि इंग्रजीतून आपल्याकडे आलेले. त्यांत एकवाक्यता होणं नाही. जीभ अडखळली तर खुशाल पुढे जावं.

दाढांचं प्रकरण जड वाटलं तर ते शेवटी वाचावं, पण वाचावं. जवळपास गव्हाणी घुबड राहत असेल तर एक गोळा आणून बशीत भिजत घालावा, हातमोजे घालून. आणि कधी गॅलापागोसला जायचा योग आला, तर विमानतळावर आणि बोटीवर सामानाची झडती घेतात तेव्हा कुरकुर न करता बॅग उघडून दाखवा. सांता फेवर काळा उंदीर अजून पोचलेला नाही.